हॉटेलात विसरलेल्या वस्तू

हॉटेलात विसरलेल्या वस्तू म्हणजे निवासी हॉटेल, लॉज किंवा अतिथिगृह यांतील खोली सोडताना पाहुण्याकडून अनवधानाने मागे राहिलेले वैयक्तिक सामान. अशा वस्तूंचा शोध, नोंद, सांभाळ आणि परतावा यांसाठी हॉटेल व्यवसायात स्वतंत्र कार्यपद्धती असते. तिला 'लॉस्ट अँड फाउंड' किंवा मराठीत 'हरवले-सापडले' असे म्हणतात. भारतीय कायद्यानुसार वस्तू विसरल्यामुळे तिच्यावरील मालकी संपत नाही. उलट, ती वस्तू उचलून ताब्यात घेणाऱ्यावर सांभाळाची जबाबदारी येते. रस्त्यावर सापडलेल्या वस्तूचा मालक सहसा अज्ञात असतो, तर हॉटेलच्या खोलीत राहिलेल्या व्यक्तीचे नाव व संपर्क हॉटेलच्याच नोंदवहीत असतो. या विषयातील व्यावहारिक नियम आणि कायदेशीर जबाबदाऱ्या मुख्यतः या फरकावर उभ्या आहेत.

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः विमानतळालगतच्या अंधेरी परिसरात, अल्प मुक्कामाच्या हॉटेलांची मोठी संख्या असल्यामुळे हा प्रश्न नित्याचा आहे.

व्याख्या व संज्ञा

मराठी बोलीत 'हॉटेल' हा शब्द उपाहारगृहासाठीही वापरला जातो. या लेखात तो राहण्याची सोय असलेल्या आस्थापनेसाठी वापरला आहे. छोट्या आस्थापनांना उपनगरांत 'लॉज' किंवा 'गेस्ट हाउस' असे म्हटले जाते.

मागे राहिलेल्या वस्तूंचे तीन प्रकार केले जातात. पहिला प्रकार हरवलेल्या वस्तूंचा. यात वस्तू मालकाच्या नकळत अंगावरून किंवा सामानातून गळून पडलेली असते, उदा., पलंगाखाली घरंगळलेले कर्णफूल. दुसरा प्रकार ठेवून विसरलेल्या वस्तूंचा. यात मालकाने वस्तू जाणीवपूर्वक एका जागी ठेवलेली असते आणि निघताना ती घेण्याचे राहून जाते, उदा., भिंतीतील सॉकेटला लावलेला चार्जर किंवा लॉकरमधील पारपत्र. तिसरा प्रकार टाकून दिलेल्या वस्तूंचा. यात मालकाने मालकी सोडण्याच्या हेतूनेच वस्तू मागे ठेवलेली असते, उदा., झिजलेली चप्पल किंवा वाचून झालेले वर्तमानपत्र. इंग्लंड व अमेरिकेतील न्यायनिर्णयांतून हे वर्गीकरण विकसित झाले. भारतीय कायद्यात हे तीन प्रकार अशा शब्दांत मांडलेले नसले तरी व्यवहारात ते उपयोगी पडतात.

हॉटेलातील बहुसंख्य वस्तू दुसऱ्या प्रकारात मोडतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांतील सीमारेषा मात्र अस्पष्ट असते. अर्धी वापरलेली अत्तराची बाटली विसरलेली आहे की टाकलेली, हे खोली साफ करणाऱ्या कर्मचाऱ्याला निश्चितपणे सांगता येत नाही. म्हणून कचरापेटीबाहेर आढळलेली प्रत्येक वस्तू विसरलेली आहे असे गृहीत धरून ती जमा करावी, असा संकेत हॉटेल व्यवसायात पाळला जातो.

मुंबई उपनगरांतील पार्श्वभूमी

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई शहर जिल्ह्यापासून वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही या जिल्ह्यातील प्रमुख ठिकाणे होत. पोलीस प्रशासनाच्या दृष्टीने हा भाग बृहन्मुंबई पोलीस आयुक्तालयातच येतो.

उपनगरांतील हॉटेलांची वाढ विमानतळाशी निगडित आहे. सांताक्रूझ विमानतळ १९४८ मध्ये नागरी वाहतुकीसाठी वापरात आले. १९८१ मध्ये सहार येथे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले आणि २०१४ मध्ये त्याच परिसरात नवे टर्मिनल २ कार्यान्वित झाले. त्यामुळे सहार, मरोळ आणि अंधेरी-कुर्ला रस्ता या पट्ट्यात तारांकित हॉटेलांपासून साध्या लॉजपर्यंत सर्व दर्जांची निवासव्यवस्था उभी राहिली. जुहूची हॉटेले समुद्रकिनाऱ्यामुळे आणि चित्रपट व्यवसायाच्या सान्निध्यामुळे वाढली.

उपनगरांतील पाहुण्यांचे स्वरूप ठिकाणानुसार बदलते. विमानतळालगत एका रात्रीचा मुक्काम करणारे प्रवासी, विमान कंपन्यांचे कर्मचारी आणि व्यवसायानिमित्त आलेले लोक अधिक असतात. बोरिवली हे पश्चिम रेल्वेवरील लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या थांब्याचे आणि गुजरातकडे जाणाऱ्या बसगाड्यांचे ठिकाण आहे. त्यामुळे तेथे गाडीच्या वेळेनुसार येणारे-जाणारे प्रवासी आढळतात. मुलुंड व घाटकोपर येथील लॉजमध्ये रुग्णालयांत दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक आणि लग्नकार्यासाठी आलेली वऱ्हाडी मंडळीही उतरतात. वस्तू कोणत्या विसरल्या जातात आणि त्यांचा मालक शोधणे किती सोपे जाते, हे या फरकांवर अवलंबून असते.

कारणे

खोलीत वस्तू विसरण्यामागे घाई हे सर्वांत प्रमुख कारण आहे. मुंबईहून सुटणारी अनेक आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्री किंवा पहाटे निघतात आणि प्रवाशाला सुमारे तीन तास आधी विमानतळावर पोहोचावे लागते. अर्धवट झोपेतून उठून अपुऱ्या प्रकाशात सामान भरताना काही वस्तू नजरेआड होतात. उपनगरांतील रस्त्यांवरील वाहतूक बेभरवशाची असल्यामुळे प्रवासी वेळेच्या आधीच निघण्याची धडपड करतात, त्यातूनही घाई वाढते.

दुसरे कारण वस्तूच्या जागेशी संबंधित आहे. घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, हॉटेलात ती तात्पुरती असते. त्यामुळे सवयीने हात तिकडे जात नाही. पांढऱ्या चादरींत मिसळलेले पांढरे कपडे, न्हाणीघराच्या दारामागील खुंटीवर टांगलेले वस्त्र, उशीखालील दागिने, लहान फ्रिजमधील औषधे, पलंगामागील सॉकेटमधील चार्जर आणि कपाटातील लॉकरमध्ये ठेवलेली कागदपत्रे या वस्तू म्हणूनच वारंवार मागे राहतात. लॉकरच्या बाबतीत एक विसंगती दिसते. मौल्यवान वस्तू अधिक सुरक्षित राहावी म्हणून ती नजरेआड ठेवली जाते आणि नजरेआड असल्यामुळेच ती विसरली जाते.

तिसरे कारण सामायिक मुक्कामाचे आहे. लग्नाच्या वऱ्हाडासाठी घेतलेल्या खोल्यांत अनेक जण राहतात आणि निघताना प्रत्येकाला ती वस्तू दुसऱ्याने घेतली असेल असे वाटते. रुग्णाच्या नातेवाइकांच्या बाबतीत मनःस्थितीच अस्वस्थ असते. तपासणीचे अहवाल, एक्स-रे व औषधांच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडून मागे राहिल्यास त्यांचे बाजारमूल्य शून्य असले तरी रुग्णाच्या दृष्टीने त्यांची निकड मोठी असते.

हॉटेलातील कार्यपद्धती

हॉटेल व्यवस्थापनाच्या शिक्षणक्रमात हा विषय हाउसकीपिंग, म्हणजे खोल्यांची स्वच्छता व देखभाल, या शाखेत शिकवला जातो. मुंबईत दादर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेली हॉटेल व्यवस्थापन संस्था ही या क्षेत्रातील देशातील जुन्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. मोठ्या हॉटेलांतील कार्यपद्धतीचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

शोध : पाहुण्याने खोली सोडल्यावर कर्मचारी कपाट, खण, न्हाणीघर, पलंगाखालची जागा आणि लॉकर तपासतो. वस्तू आढळल्यास ती तत्काळ रिसेप्शनला कळवली जाते, कारण पाहुणा त्या वेळी बिल भरत असण्याची किंवा वाहनाची वाट पाहत असण्याची शक्यता असते. परताव्याचा हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

नोंद : पाहुणा निघून गेला असल्यास वस्तू पर्यवेक्षकाकडे दिली जाते. खोली क्रमांक, दिनांक व वेळ, वस्तू सापडल्याची नेमकी जागा, वस्तूचे वर्णन, सापडणाऱ्याचे नाव आणि स्वीकारणाऱ्याची सही असा तपशील नोंदवहीत किंवा संगणकात नोंदवला जातो. त्याच क्रमांकाची चिठ्ठी वस्तूला जोडतात. दागिन्यांचे वर्णन करताना 'सोन्याची अंगठी' असे न लिहिता 'पिवळ्या धातूची अंगठी' असे लिहिण्याची पद्धत आहे. धातूची पारख करणे हे कर्मचाऱ्याचे काम नसते आणि पुढे वाद झाल्यास चुकीचे वर्णन अडचणीचे ठरते. रोख रक्कम दोन व्यक्तींसमोर मोजली जाते.

साठवण : साध्या वस्तू हाउसकीपिंग विभागाच्या कुलूपबंद कपाटात, तर रोकड, दागिने, पारपत्र व विद्युत उपकरणे सुरक्षा विभागाच्या किंवा रिसेप्शनच्या तिजोरीत ठेवली जातात. नाशवंत पदार्थ थोड्याच काळात टाकून दिले जातात. औषधांच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी लागते. उदा., न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते फ्रिजमधून काढून कपाटात ठेवल्यास वस्तू परत मिळूनही निरुपयोगी ठरू शकते.

मुदत : सांभाळाची मुदत प्रत्येक हॉटेल स्वतःच्या धोरणानुसार ठरवते. साध्या वस्तूंसाठी ती सहसा तीन ते सहा महिने असते, मौल्यवान वस्तूंसाठी त्याहून अधिक. मुदतीनंतर वस्तू दान करणे, पोलिसांकडे जमा करणे किंवा ज्याला ती सापडली त्या कर्मचाऱ्याला लेखी परवानगीने देणे अशा पद्धती प्रचलित आहेत. अशा वेळी कर्मचाऱ्याला वस्तू बाहेर नेण्यासाठी 'गेट पास' दिला जातो.

गोपनीयता : अनेक हॉटेले विसरलेल्या वस्तूबाबत पाहुण्याच्या घरी स्वतःहून पत्र किंवा पार्सल पाठवत नाहीत आणि पाहुण्याच्या चौकशीची वाट पाहतात. मुक्कामाची माहिती पाहुण्याने कुटुंबीयांना किंवा कार्यालयाला दिलेली नसण्याची शक्यता हे या संकेतामागील कारण आहे. मोबाईल क्रमांक व ई-मेल थेट पाहुण्यापर्यंत पोहोचत असल्यामुळे आता मौल्यवान वस्तूंबाबत हॉटेलकडून संपर्क साधण्याचे प्रमाण वाढले आहे. लहान वस्तूंबाबत मात्र जुनाच संकेत टिकून आहे. त्यामुळे 'हॉटेलने कळवले नाही' याचा अर्थ 'वस्तू सापडली नाही' असा होत नाही.

छोट्या लॉजमध्ये स्वतंत्र विभाग किंवा नोंदवही नसते. वस्तू व्यवस्थापकाच्या खणात ठेवली जाते आणि तिची माहिती त्या पाळीतील व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून राहते. पाळी बदलली किंवा कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर वस्तू जागेवर असूनही पाहुण्याला नकार मिळू शकतो.

कर्मचाऱ्यांची स्थिती

विसरलेल्या वस्तूशी पहिला संबंध खोली साफ करणाऱ्या कर्मचाऱ्याचा येतो. वस्तू परत मिळण्याचे श्रेय मुख्यतः त्याच्याकडे जाते आणि वस्तू न मिळाल्यास पहिला संशयही त्याच्यावरच घेतला जातो. हे काम करणाऱ्यांपैकी अनेक जण कंत्राटी पद्धतीने काम करतात. एखाद्या तक्रारीवरून चौकशी न होता कामावरून कमी केले जाण्याचा धोका त्यांना अधिक असतो.

या दृष्टीने नोंदवही ही पाहुण्याइतकीच कर्मचाऱ्याच्या संरक्षणाची व्यवस्था आहे. वस्तू कधी, कुठे सापडली आणि कोणाच्या स्वाधीन केली याची सही असलेली नोंद असल्यास पुढील जबाबदारी स्वीकारणाऱ्याकडे जाते. दोन व्यक्तींच्या उपस्थितीत लॉकर उघडणे, इलेक्ट्रॉनिक कुलपातून खोली कोणत्या चावीने केव्हा उघडली गेली हे पाहणे आणि मार्गिकेतील कॅमेऱ्यांचे चित्रण जपणे या उपायांचाही दुहेरी उपयोग होतो. त्यांतून गैरकृत्य उघड होते, तसेच निर्दोष व्यक्तीवरील आरोपही खोटा ठरतो. पाहुण्याने वस्तू प्रत्यक्षात टॅक्सीत, विमानतळावर किंवा स्वतःच्याच बॅगेच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवली असल्याचे नंतर लक्षात येणे हेही नेहमीचे आहे. त्यामुळे तक्रार करताना 'चोरी' आणि 'विसरणे' यांत फरक करणे महत्त्वाचे मानले जाते.

कायदेशीर स्थिती

भारतीय संविदा अधिनियम

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम ७१ नुसार, दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर ती ताब्यात घेणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी निक्षेपग्राहीसारखी, म्हणजे सांभाळण्यासाठी दुसऱ्याची वस्तू स्वीकारणाऱ्यासारखी असते. कलम १५१ नुसार अशा व्यक्तीने सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घेणे आवश्यक असते. कलम १५२ नुसार तेवढी काळजी घेऊनही वस्तूची हानी झाल्यास, वेगळा करार नसेल तर, ती व्यक्ती जबाबदार ठरत नाही. सापडलेली वस्तू उचलण्याची सक्ती कायदा करत नाही. ती उचलल्यानंतर मात्र ती निष्काळजीपणे ठेवता येत नाही.

कलम १६८ नुसार, वस्तू जपण्यासाठी व मालक शोधण्यासाठी स्वेच्छेने घेतलेल्या श्रमाचा व खर्चाचा मोबदला मिळावा म्हणून सापडणाऱ्याला दावा लावता येत नाही, परंतु मोबदला मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवता येते. मालकाने विशिष्ट बक्षीस जाहीर केले असल्यास त्यासाठी दावा करता येतो. कलम १६९ मध्ये सामान्यतः बाजारात विकली जाणारी वस्तू विकण्याचा मर्यादित अधिकार दिला आहे. त्यासाठी मालक वाजवी प्रयत्नांनी सापडत नसला पाहिजे किंवा तो कायदेशीर खर्च देण्यास नकार देत असला पाहिजे. शिवाय वस्तू नाश पावण्याचा किंवा तिचे बहुतांश मूल्य नष्ट होण्याचा धोका असला पाहिजे, अथवा सापडणाऱ्याचा कायदेशीर खर्च वस्तूच्या मूल्याच्या दोन तृतीयांशापर्यंत पोहोचलेला असला पाहिजे. हॉटेलने स्वतः ठरवलेली मुदत उलटली म्हणजे मालकाचा हक्क आपोआप नष्ट झाला, असे या कलमांत कोठेही म्हटलेले नाही.

हॉटेलचालकाची जबाबदारी

इंग्लंडमध्ये पाहुण्याच्या सामानाबाबत सराईच्या मालकावर कठोर जबाबदारी टाकण्याची परंपरा होती. १५८४ चा 'कॅली' खटला हे तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथे १९५६ च्या हॉटेलमालकविषयक कायद्याने, विशिष्ट परिस्थिती वगळता, ही जबाबदारी एका वस्तूसाठी ५० पौंड आणि एका पाहुण्यासाठी एकूण १०० पौंड इतकी मर्यादित केली. भारतात हा प्रश्न मुख्यतः संविदा अधिनियमाच्या आधारे सोडवला जातो. 'जान अँड सन विरुद्ध कॅमेरॉन' या १९२२ च्या प्रकरणात पाहुण्याच्या खोलीतील वस्तू चोरीस गेल्या होत्या. खोली असुरक्षित असल्याचे हॉटेलचालकाला माहीत होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याची जबाबदारी निक्षेपग्राहीची आहे असे मानून त्याला जबाबदार धरले.

सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी 'ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी' या प्रकरणात निर्णय दिला. १९९८ मध्ये दिल्लीतील हॉटेलात वाहन लावण्यासाठी कर्मचाऱ्याच्या स्वाधीन केलेली मोटार चोरीस गेली होती. वाहनाचा ताबा हॉटेलकडे गेल्यावर ते सुरक्षित परत करण्याची जबाबदारी हॉटेलची असते आणि 'मालकाच्या जोखमीवर' असे छापून हॉटेलला स्वतःच्या किंवा सेवकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी टाळता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय वाहनाबाबत असला तरी, लॉकर रूममध्ये दिलेली बॅग किंवा कर्मचाऱ्याने ताब्यात घेतलेली विसरलेली वस्तू यांबाबत विचार करताना त्यातील तत्त्व उपयोगी ठरते.

फौजदारी कायदा

सापडलेली वस्तू स्वतःसाठी ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मधील मालमत्तेच्या अपहाराची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आली आहे. या गुन्ह्यास किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. पूर्वीच्या कलमात किमान शिक्षा नव्हती. कलमाच्या स्पष्टीकरणानुसार, मालकासाठी जपण्याच्या किंवा त्याला परत करण्याच्या हेतूने वस्तू उचलणारा दोषी नसतो. मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याची साधने उपलब्ध असताना, वस्तू स्वतःची म्हणून वापरणारा मात्र दोषी ठरतो. मालक शोधण्यासाठी वाजवी प्रयत्न न करता व पुरेसा काळ न थांबता ती वापरणाऱ्यालाही हेच लागू होते. हॉटेलच्या खोलीच्या बाबतीत मालक शोधण्याचे साधन, म्हणजे पाहुण्यांची नोंद, हाताशीच असते. त्यामुळे 'मालक कोण ते कळले नाही' हा बचाव तेथे दुबळा ठरतो.

बेवारस मालमत्ता ताब्यात घेण्याची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये आहे. पोलिसांनी जप्त केलेल्या मालमत्तेचा मालक अज्ञात असल्यास दंडाधिकारी उद्घोषणा काढून सहा महिन्यांच्या आत हक्क सांगण्यास फर्मावू शकतात. ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ मध्ये आहे.

पारपत्र

पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम १७ नुसार भारतीय पारपत्र ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, धारकाकडे केवळ त्याचा ताबा असतो. त्यामुळे सापडलेले पारपत्र मोबदल्यासाठी अडवून ठेवणे किंवा मुदतीनंतर विल्हेवाट लावणे योग्य ठरत नाही. धारक न सापडल्यास ते पोलीस किंवा पारपत्र कार्यालयाकडे सोपवले जाते. परदेशी पाहुण्याचे पारपत्र पोलिसांमार्फत किंवा संबंधित देशाच्या वाणिज्य दूतावासाकडे पोहोचवले जाते.

सुरक्षेचा प्रश्न

मुंबईत मागे राहिलेल्या सामानाकडे केवळ मालमत्ता म्हणून पाहिले जात नाही. १२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी वांद्र्याचे सी रॉक, जुहू सेंटॉर आणि विमानतळाजवळचे सेंटॉर या उपनगरांतील तीन हॉटेलांत हल्लेखोरांनी खोल्या घेऊन त्यांत स्फोटकांच्या सुटकेस ठेवल्या होत्या. त्यानंतर २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर येथे बसमध्ये आणि १३ मार्च २००३ रोजी मुलुंड येथे लोकलमध्ये स्फोट झाले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत झालेल्या स्फोटांच्या ठिकाणांत बोरिवलीचाही समावेश होता.

या घटनांनंतर बेवारस वस्तूला हात न लावता पोलिसांना कळवण्याच्या सूचना रेल्वे स्थानके, बस आणि सार्वजनिक इमारतींत नित्याच्या झाल्या. हॉटेलांत प्रवेशद्वारावर सामानाची क्ष-किरण तपासणी सुरू झाली. त्यामुळे हॉटेल कर्मचाऱ्याला दोन परस्परविरोधी सूचना पाळाव्या लागतात. खोलीतील ओळखीच्या स्वरूपाची वस्तू उचलून जमा करायची असते, तर लॉबी, जिना किंवा वाहनतळ अशा सामायिक जागी आढळलेल्या बंद बॅगेला स्पर्श न करता सुरक्षा विभागाला कळवायचे असते.

वस्तू परत मिळवण्याची प्रक्रिया

वस्तू विसरल्याचे लक्षात येताच हॉटेलला दूरध्वनी करणे उपयुक्त असते, कारण खोली पुढील पाहुण्याला दिली जाण्यापूर्वी शोध घेतल्यास वस्तू मिळण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर मुक्कामाचा दिनांक, खोली क्रमांक, वस्तूचे वर्णन आणि ती शेवटची कोठे ठेवली होती हे नमूद करून ई-मेल पाठवल्यास लेखी पुरावा राहतो. वर्णनात केवळ मालकालाच माहीत असेल अशी खूण दिल्यास ओळख पटवणे सोपे जाते.

वस्तू नेण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला पाठवायचे असल्यास हॉटेले सहसा अधिकारपत्र व ओळखपत्राची प्रत मागतात. कुरिअरचा खर्च बहुधा पाहुण्याला सोसावा लागतो. रोकड व दागिने कुरिअर कंपन्या सहसा स्वीकारत नाहीत. लिथियम बॅटरी असलेल्या पॉवर बँकसारख्या वस्तूंच्या विमान वाहतुकीवर निर्बंध असतात, तर परदेशी पाठवलेल्या पार्सलवर त्या देशाचे सीमाशुल्क लागू शकते.

वस्तू न मिळाल्यास मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर गहाळ वस्तूची नोंद करता येते. ही नोंद कागदपत्राची दुय्यम प्रत मिळवताना उपयोगी पडते. चोरीचा संशय असल्यास मात्र पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार करावी लागते. मोबाईल फोनच्या बाबतीत त्याचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक वापरून दूरसंचार विभागाच्या सीईआयआर प्रणालीद्वारे तो भारतातील सर्व मोबाईल जाळ्यांवर बंद करता येतो. या प्रणालीची प्रायोगिक सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाली आणि मे २०२३ मध्ये ती देशभर उपलब्ध झाली.

हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडेही ती दाखल करता येत असल्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्याला मुंबईत येण्याची आवश्यकता राहत नाही. अशा प्रकरणांत वस्तू खोलीत होती आणि ती हॉटेलच्या ताब्यात आली, हे दाखवणे कळीचे असते.

इतर ठिकाणांशी तुलना

हॉटेलातून निघालेला प्रवासी रिक्षा, टॅक्सी, मेट्रो, लोकल किंवा विमानतळ यांपैकी एखाद्या ठिकाणी जातो, म्हणून वस्तूचा शोध अनेकदा या साखळीतील प्रत्येक दुव्यावर घ्यावा लागतो. विमानतळांवर सापडलेल्या वस्तूंच्या याद्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. रेल्वे सुरक्षा दल 'ऑपरेशन अमानत' या उपक्रमांतर्गत प्रवाशांचे राहिलेले सामान परत करते आणि त्यासाठी १३९ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. पश्चिम रेल्वेने २०२२ पासून अशा सामानाची छायाचित्रे संकेतस्थळावर देण्यास सुरुवात केली. ॲपवर आधारित टॅक्सीत प्रवासाची नोंद राहत असल्यामुळे चालकाशी संपर्क साधता येतो. उबर कंपनीने २०२५ मध्ये स्वतःच्या भारतातील प्रवाशांबाबत प्रसिद्ध केलेल्या क्रमवारीत टॅक्सीत वस्तू विसरण्याच्या बाबतीत मुंबई पहिल्या स्थानी होती. हात दाखवून थांबवलेल्या रिक्षाच्या बाबतीत वाहन क्रमांक लक्षात नसल्यास शोध अवघड जातो.

सापडलेल्या वस्तूवर कोणाचा हक्क, या प्रश्नावरील प्रसिद्ध इंग्रजी खटलाही प्रवासाशीच संबंधित आहे. 'पार्कर विरुद्ध ब्रिटिश एअरवेज बोर्ड' (१९८२) या प्रकरणात लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील प्रतीक्षालयात एका प्रवाशाला सोन्याचे ब्रेसलेट सापडले होते. त्याने ते विमान कंपनीकडे सोपवले. मालक न सापडल्यावर कंपनीने ते ८५० पौंडांना विकून रक्कम स्वतःकडे ठेवली. न्यायालयाने प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला, कारण त्या जागेतील हरवलेल्या वस्तूंवर ताबा ठेवण्याचा कंपनीचा इरादा पुरेसा स्पष्ट नव्हता. नोकरीच्या ओघात सेवकाला सापडलेली वस्तू मात्र मालकाच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्याच्या, वतीने सापडली असे मानले जाते, असेही त्या निर्णयात सांगितले आहे. हॉटेल कर्मचाऱ्याने वस्तू जमा करावी या नियमाला या तत्त्वाने आधार मिळतो. मात्र दोघांचाही हक्क खऱ्या मालकाच्या हक्कापेक्षा दुय्यमच राहतो.